अस्तरातली नागली

८ जानेवारी २०२५
दाभोसा, ता. जव्हार

वर्षाली,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. मी लिहून खोडला. तू निघताना माझ्या पायाला हात लावला नाहीस, मग तुला तो हवा आहे की नको हे मला कसं कळणार? हवा असेल तर खोडलेलं वाचता येतंय. नको असेल तर पुढं जा.

हा कागद मी लिहितो आणि योगिता त्याचा मोबाईलवर फोटो काढून तुला पाठवते. माझा फोन तू उचलत नाहीस, पण तिच्याशी बोलतेस हे मला माहीत आहे. मैत्रीण आहे, बोलावंच. ती म्हणाली, आजा, तोंडानंच बोल ना, मी बटण दाबते. मी नाही म्हणालो. तोंडानं बोललो की मला राग येतो. चौथी शिकलेल्या माणसाचा हात कागदावर हळू चालतो, तेवढ्यात राग खाली बसतो. ती म्हणते मी वाचत नाही, नुसता फोटो काढते. पण फोटो काढताना तिचे ओठ हलतात.

आता काळजीचं. तिथं झोपायच्या खोलीला आतून कडी आहे का? नुसती बाहेरून कडी असलेल्या खोलीत झोपू नको. मच्छरदाणी फाटकी असेल तर बदलून माग. तू नर्स आहेस, इथं मोखाड्याच्या उपकेंद्रात तूच लोकांना मच्छरदाणीचं सांगत होतीस, तरी मी विचारतो. पाणी विहिरीचं की नळाचं? विहीर असेल तर तिला कठडा आहे का? लहानपणी तुला वाकून बघायची खोड होती.

आणि तुझी निळी बॅग कशी आहे? अस्तर कुठं उसवलं नाही ना? आजकाल शिवण कच्ची असते म्हणून विचारलं.

त्या दिवशी जीपपाशी मी जे बोललो ते सगळ्या पाड्यानं ऐकलं. ते पुन्हा लिहीत नाही.

तुझा आजा,
देवजी


१९ जानेवारी

वर्षाली,

योगितानं सांगितलं की माझ्या कागदाखाली दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे तू वाचलंस. उत्तर आलं नाही. चालेल. निळ्या खुणा मी पण बघितल्या, तिनं मोबाईल माझ्या डोळ्याजवळ धरला.

ती तुझं सगळं सांगते. टांझानियात सकाळी भाषा शिकवतात, दुपारी सायकल. तू सायकलवरून पडलीस हे ऐकून तुझी आजी तुळशी एवढी हसली की तिला ठसका लागला. "डोंगरातली पोर, तिला सायकल कठं?" म्हणाली. मला हसू आलं नाही. गुडघा कसा आहे?

कोळशाच्या शेगडीवर रांधायला शिकवतात, लोकांच्या घरी गेल्यावर कुठं बसायचं ते शिकवतात, हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे निदान विचारतात तरी. आपल्याकडं ब्याण्णव साली कुणी विचारलं नव्हतं. तुळशीचं माहेर वावर गावचं, आम्ही तेव्हा तिथंच होतो. पोरं भुकेनं जात होती. गाड्या आल्या, डॉक्टर आले, ते यायलाच हवे होते. पण त्यांच्या मागून नुसती बघणारी पण आली. एका बाईनं तुळशीच्या मांडीवरच्या आमच्या सुमनचा दंड फितीनं मोजला, फोटो काढला, डोळे पुसले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. तुळशीनं तिच्यासाठी आंबील ठेवली होती. ती तशीच राहिली. सुमन पुढच्या आठवड्यात गेली. तुझी आत्या झाली असती.

म्हणून तू जेव्हा म्हणालीस की दिल्लीच्या एका संस्थेतर्फे परदेशात खेड्यात राहायचं, लहान पोरांच्या खाण्याचं काम करायचं, पगार नाही, नुसतं पोटापुरतं, तेव्हा माझं डोकं फिरलं. मोखाड्याची पोरं संपली का, म्हणालो. तू पण त्या बाईसारखी जाऊन डोळे पुसून येणार, म्हणालो. तू एवढंच बोललीस, "मी राहायला जाते, आजा. बघायला नाय." मग मी ते जीपजवळचं बोललो.

योगिता सांगते की शिकणं संपलं की तुम्हाला वेगवेगळ्या गावी पाठवणार आणि तुझं गाव मलावी नावाच्या दुसऱ्या देशात निघणार. गावाचं नाव अजून ठरलं नाही. वाट बघणं फार वाईट असतं, मला माहीत आहे. मी पण इथं बसून बघतोय, आणि मला तर कशाची ते पण कळत नाही.

दुसऱ्या देशात जाताना बॅगा तपासतात का?

तुझा आजा


३ फेब्रुवारी

हे पत्र मी योगिताला देणार नाही. नागलीच्या कणगीमागं खोचून ठेवणार आहे. पण लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आज बाजाराला जव्हारला गेलो होतो. बियाण्याच्या दुकानात नितीन बसतो, तुझ्याबरोबर शाळेत होता तो. त्यानं तुझी चौकशी केली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की माणूस परदेशी जाताना घरचं बी नेतं का. तो हसला. म्हणाला, "नाव नको काढू, आजा. बी न्यायला बंदी असते." त्याच्या मेव्हण्याबरोबर आखातात कामाला गेलेला एक जण सामानात खसखस निघाली म्हणून आत गेला, महिनोन्‌महिने सुटला नाही. मी म्हणालो, आणि विमानतळावर सापडलं नाही तर? तो म्हणाला, विमानात सुटलं असेल तर नशीब. पण एका देशातून दुसऱ्यात बसनं जाताना नाक्यावर सगळं खाली काढतात, बॅग उलटी करतात.

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. त्यानं पाणी दिलं. त्याला वाटलं उन्हाचं.

तुझ्या निळ्या बॅगेच्या अस्तरात आपली नागली आहे. मी शिवली.

तुला रीत माहीत आहे. लेक कायमची दुसऱ्या गावी निघाली की घरच्या बाईनं कणगीतली मूठभर नागली तिच्या पदराला बांधायची. दाण्याची देवी कणसरी तिच्याबरोबर जाते, मग लेकीच्या ताटाला दाणा कमी पडत नाही. नव्या घरी गाठ सोडायची, दाणे तिथल्या मातीत टाकायचे. ते उगवले की लेक तिथली झाली. मी तुळशीला म्हणालो होतो, पोरीला मूठ बांध. ती म्हणाली, "ती काय सासरी चालली? दोन वर्षांनी येणार हाय. बांधायची नाय." ती बरोबर होती. पण माझ्या मनानं घेतलं की तू येणार नाहीस. तुझा बाप गेला, तुझी आई दुसऱ्या घरी नांदायला गेली, तिचं पण बरोबरच होतं, पण गेलेलं माणूस या घरात परत आलेलं मी बघितलेलं नाही. तर निदान उपाशी राहू नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू निरोप घ्यायला मोखाड्याला गेलीस, तुळशी पाण्याला गेली, आणि मी दाभण घेऊन बसलो. फडक्यात मूठ बांधली, बॅगेचं अस्तर एका बाजूनं उसवलं, आत ठेवून परत शिवलं. दुसऱ्या दिवशी जीपपाशी तुला नको ते बोललो. बोलताना मला ती बॅग दिसत होती.

आता खरं लिहितो. नितीनच्या पायरीवरून उठलो तेव्हा पहिला विचार आला की तुला कळवायचं. डेपोपर्यंत पोचलो तेव्हा दुसरा आला. नाही कळवलं तर? नाक्यावर सापडेल. संस्था म्हणेल, ही पोरगी नियम मोडते, हिला गाव नको, घरी पाठवा. तू घरी येशील.

गाडी येईपर्यंत मी त्या विचाराशेजारी बसून होतो. त्याला हाकललं नाही.


९ फेब्रुवारी

वर्षाली,

वरचं पत्र आज योगिताला दिलं. ते आणि हे एकदम येईल. आधी ते वाच. मग लगेच बॅग उसव. चेनच्या डाव्या हाताला, आतल्या खिशाखाली. माझे टाके ओळखशील, वाकडे आहेत.

इतके दिवस का दिलं नाही ते त्यातच लिहिलं आहे. त्यात एक भर घालतो. खसखशीचं ऐकूनही मला वाटत होतं तुला नुसतं परत पाठवतील. काल योगिता ओट्यावर बसून तुझ्या आजीला सांगत होती, की तुमच्या आधी गेलेल्यांतला एक मुलगा कसलीशी गोळी खिशात ठेवून नाक्यावर गेला आणि दोन दिवस पोलिसांनी बसवून ठेवला. दोन दिवस परक्या मुलखात, चौकीत. मी भाकरी टाकून उठलो. मला तू घरी हवी होतीस. चौकीत नको होतीस. दोन्ही एकाच वाटेवर आहे हे मला आधी का दिसलं नाही?

योगितानं फोटो काढले. या वेळी ओठ हलले नाहीत. तिनं सरळ बसून वाचलं आणि मग माझ्याकडं बघितलं. "आजा," म्हणाली, "तू काय केलंस रे?"

तुळशीला पण तेव्हाच कळलं. ती ओरडली नाही. नागली पाखडत होती, पाखडतच राहिली. मग म्हणाली, "मूठ बाईनं बांधायची असते. बाप्यानं शिवायची नसते."

खाली एकच खूण आहे, राखाडी. योगिता म्हणते तुम्हाला शेवटच्या सरावासाठी आतल्या गावात नेलंय, तिथं रेंज नाही. आणि तेरा तारखेला सकाळी तिकडूनच थेट मलावीची बस. मी म्हणालो, दिल्लीच्या संस्थेत फोन करून सांग. ती म्हणाली, काय सांगू? बॅगेत बंदीचं बी आहे? मग ते आधी तिलाच काढतील.

हे वाच. कुठं झाडावर चढून का होईना, रेंज पकड.

आजा


१२ फेब्रुवारी

वर्षाली,

अजून एकच खूण.

आज काय झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर माझं मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी योगिता पळत आली. तिच्या मोबाईलवर दिल्लीच्या संस्थेचा फोन होता. कुणाला गावी पाठवायच्या आधी ते घरच्यांशी बोलतात, तशी त्यांची रीत आहे. माझा नंबर लागेना म्हणून तू दिलेल्या दुसऱ्या नंबरावर केला. तू माझा नंबर दिला होतास, हे मला तेव्हा कळलं.

कमलेश नावाचे साहेब होते. आवाज चांगला होता. योगितानं मोबाईल आमच्या मधे ओट्यावर ठेवला, आवाज मोठा केला. मी आणि तुळशी दोन बाजूंनी बसलो, शेकोटीला बसतात तसे.

साहेब म्हणाले, तुमची नात आमच्याकडची फार चांगली मुलगी आहे. तिनं लांबचं गाव स्वतः मागून घेतलंय, जिथं दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. मग म्हणाले, "देवजी जी, घर से कोई दिक्कत हो तो आज बोल दीजिए. कल के बाद मुश्किल होगा. आप मना करेंगे तो हम उसको वापस भेज देंगे."

वर्षाली, मी नाही म्हटलं असतं तर झालं असतं. चौकी नाही, पोलीस नाही, नाका नाही. तू सरळ विमानानं घरी. बॅगेतलं कुणाला कधी कळलं नसतं. इतक्या दिवसांच्या माझ्या सगळ्या काळजीवर एक शब्द पुरला असता आणि तो शब्द साहेब स्वतः माझ्या हातात ठेवत होते.

तुळशी माझ्याकडं बघत नव्हती. समोरच्या डोंगराकडं बघत होती. पण तिचा हात सुपावर थांबला होता.

माझी हिंदी वसईला रेती काढायच्या कामावर शिकलेली. मी म्हणालो, "साब, वो रहने को जाती है. देखने को नहीं जाती. जाने दो."

साहेब म्हणाले बहुत अच्छा आणि फोन ठेवायला लागले. मी ओरडलोच, रुको. म्हणालो, एक निरोप द्या. आज द्या, बसमध्ये बसायच्या आधी. तिच्या आजीचा निरोप आहे. "बोलो, पदर का गाठ खोलके फिर जाने का. बँधा हुआ लेके नहीं जाने का."

साहेबांना कळेना. कौन सी गाँठ, म्हणाले. योगिता पुढं झाली आणि तिनं शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांगितलं की सर, हमारे यहाँ का रिवाज है, घर छोड़ने वाली लड़की को बोलना पड़ता है, नहीं तो दादी खाना नहीं खाएगी. साहेब हसले. लिहून घेतो म्हणाले. तुमच्या सराव-गावात त्यांच्या माणसाकडं कसला तरी वेगळा फोन आहे, त्यावर संध्याकाळी सांगतील.

फोन बंद झाल्यावर तुळशी म्हणाली, "मी कधी जेवायची राहिले?" आणि आत गेली. आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

मला भीती ही आहे की तुला रीत आठवेल, पण तुझ्या पदराला गाठ नव्हतीच. तू पँट घालून गेलीस. तू म्हणशील, म्हातारा कसली गाठ म्हणतोय? मी बॅगेचं दोनदा विचारलं होतं, ते आठवेल का तुला?


२३ फेब्रुवारी

खूण एकच. नितीननं मलावीचा नकाशा दाखवला. एक मोठं तळं आहे, लांबट. त्याच्या वरच्या टोकाला नाका. मी बोट ठेवलं तर नाका, गाव, तळं सगळंच बोटाखाली गेलं.

शेतात राब जाळायला फांद्या तोडायला गेलो होतो. झाडावर चढलो आणि कशाला चढलो ते विसरलो. तुळशीनं खालून हाक मारली, "फांदी तोड, नायतर उतर." कोयता टाकून उतरलो.


६ मार्च

वर्षाली,

काल बाजाराहून येताना योगिता वाटेत भेटली. लांबूनच हात हलवत होती. मला वाटलं वाईट बातमी. वाईट बातमीला पण लोक असेच हात हलवतात. मी तिथंच बांधावर बसलो.

माझ्या सगळ्या कागदांखाली निळ्या खुणा आल्या होत्या. आणि तुझं लिहिलेलं. योगितानं तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा मी मोबाईल घेऊन स्वतः वाचलं, अक्षर मोठं करून.

तू लिहिलंस की निरोप मिळाला तेव्हा आधी तू हसलीस, आजी अशी निरोप पाठवणारी नाही म्हणून. मग बॅगेचं आठवलं. उसवून बघितलं. सोबतच्या नेपाळी मुलीनं विचारलं, हे काय, आणि तुला सांगता येईना. परक्या मातीत टाकायची तर सक्त मनाई. फेकवत नव्हती. शेवटी दोघींनी तव्यावर खरपूस भाजली, कुटली, गरम पाण्यात मीठ घालून प्यायलात. सकाळी नाक्यावर तुझी बॅग खरंच उलटी केली. फडकं निघालं. शिपायानं झटकलं, वास घेतला आणि परत दिलं.

ते वाचून आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग मला नवी काळजी लागली. मूठ खायची नसते. कुणी खाल्ल्याचं मी ऐकलं नाही, त्याचं काय होतं ते मला माहीत नाही. रात्रभर तेच. सकाळी तुळशीला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"पेरली नाय ना?" म्हणाली.

नाही, म्हणालो.

"मग ती तिथली झाली नाय. पोटात घेऊन फिरतेय. येणार हाय." आणि भाकरी उलटली. "मी आधीच सांगितलं होतं. तू कधी ऐकतोस?"

तुझ्या गावात पण नागली पेरतात हे वाचून तिला काही विशेष वाटलं नाही. म्हणाली, माणसं आहेत तर खाणारच. मला मात्र वाटलं. ज्या घरात राहतेस त्या बाईनं पहिल्या दिवशी पेज दिली, तू बसून सगळी संपवलीस आणि वाडगं स्वतः धुतलंस, हे मी तुळशीला दोनदा ऐकवलं. वावरची आंबील तिला आठवली असेल. मला आठवली.

कडी आहे म्हणालीस, ते बरं झालं. विहिरीचं लिहिलं नाहीस. म्हणजे कठडा नाही. असेल तर कळव, नसेल तर वाकू नको.

आता जीपपाशी जे बोललो ते. सगळ्या पाड्यानं ऐकलं, तर योगितानं पण वाचू दे. मी म्हणालो होतो, गेलीस तर माझ्या मयताला येऊ नको. ते मी परत घेतो. माझ्या मयताला तू यायचंस. पण तिकडचं काम अर्धं टाकून नाही, दोन वर्षं पुरी करून. तोवर मी मरणार नाही असं ठरवलं आहे. तुळशी म्हणते, तुला कोण विचारतंय? पण ती कणगीतून एक मूठ नागली वेगळ्या मडक्यात काढून ठेवताना मी बघितली. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, उंदरांसाठी.

या वेळी वरचा आशीर्वाद विसरलो. इथं खाली लिहितो. खोडत नाही.

आशीर्वाद.

तुझा आजा,
देवजी